पाचवी निरी

आत्याबाई, तुमच्या तेराव्याच्या पंगती उठल्या, मोठी पातेली घासून पालथी पडली, आणि त्यानंतर घरात जो पहिला वाद झाला तो अपूर्णांकांचा होता. तुम्ही असता तर पदर खोचून मधोमध येऊन बसला असता. मला मात्र भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघत एकटीलाच खिंड लढवावी लागली. म्हणून आज शाळेतून आल्यावर चहासुद्धा न टाकता तुमच्याशी बोलायला बसले आहे. काही सांगायचं आहे, काही भांडायचं आहे. शिवाय एक गणित अर्धवट राहिलंय, ते पुरं करायचं आहे.

तुमच्याबद्दल लिहायचं म्हणजे तुम्ही कुठल्या गावच्या, सुरतेत कधी आलात, वगैरे सुरुवात करायला हवी. ते मी करणार नाही. ते सगळं मोठ्या भाऊजींनी पेपरात दिलेल्या छोट्या चौकटीत आहे, आणि त्यात तुमचा फोटोही असा आहे की तुम्ही स्वतःला ओळखलं नसतं. मला ज्या आत्याबाई ठाऊक आहेत त्या त्या चौकटीत मावणाऱ्या नाहीत.

मी माहेरची कोल्हापूरकडची, वडील बँकेच्या बदलीनं इकडे आले. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. तुम्ही खानदेशच्या, घरात अहिराणी. पहिल्यांदा तुम्हाला आत्याबाई म्हटलं तेव्हा तुम्ही मागे वळून पाहिलंत, की कोणाची आत्या आली! मग तुम्हाला ते नाव आवडलं. गल्लीत सांगत फिरलात, "मनी सून माले आत्याबाई म्हनस, मास्तरीन शे ती." मी उधन्याच्या मराठी शाळेत पाचवी-सहावीला गणित शिकवते. आत्तापर्यंत माझ्या हातून कितीतरी मुलं गेली. पण आत्याबाई, तुमच्याइतकी हट्टी विद्यार्थिनी मला पुन्हा मिळाली नाही, आणि तुमच्याइतकी उलट उत्तरं देणारीही.

सुरुवात झाली मामंजी गेल्यावर. त्यांनी पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये हयात घालवून डिंडोलीत हे घर बांधलं. खाली दोन खोल्या, वर दोन, त्यावर गच्ची. मृत्युपत्र वगैरे काही केलं नव्हतं. वर्षश्राद्ध झालं आणि मोठे भाऊजी म्हणाले, "आता घरावर वारसांची नावं लावून घेऊ." आपण सगळे वकिलाकडे गेलो. तीन मुलगे, तुम्ही आणि मी. तुमची लेक सुमनताई सासरी शिरपूरला, त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं.

वकील गुजराती, माणूस सभ्य. त्यानं कागद बघितले आणि म्हणाला, "बेन हक कमी करी आपे एटले पत्युं. चार भाग, सरखे सरखा." बहिणीनं हक्क सोडल्याची सही दिली की मिटलं. इकडे त्याला हक कमी करणं म्हणतात, आणि तो ते इतक्या सहज म्हणाला, जणू दुकानात पिशवी मागतोय. मोठे भाऊजी म्हणाले, "सुमन देईल सही. तिचं लग्नात केलंय की सगळं." मग ते तुमच्याकडे वळले, "आई, तुझा पाव, आम्हा तिघांचा पाव पाव. बरोबर?"

पाव तुम्हाला कळत होता. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळं तुमच्या जिभेवर होतं. शाळा तुम्ही पाहिली नव्हती, पण तुमच्या वडिलांनी लहानपणी पावकी-निमकी पाठ करून घेतली होती. तुम्ही मान हलवलीत. रिक्षात बसल्यावर मात्र माझ्या कानाशी येऊन विचारलंत, "अन् सुमनना?"

मी म्हटलं, "सुमनताईंना धरलं तर पाच जण होतात. मग प्रत्येकाला एक पंचमांश."

"म्हंजे पाचवा?"

"हो."

तुमचा चेहरा एकदम फुलला. आत्याबाई, तो चेहरा आठवला की मला अजूनही हसू येतं आणि पाठोपाठ रडू येतं. घरी आलात, चप्पल काढली, आणि मोठ्या भाऊजींना भरल्या घरात सांगितलंत, की चार कशाला, पाच वाटे करा. पाच मोठा, चार लहान. सुमनलाही मिळेल आणि तुम्हालाही पावापेक्षा जास्तच येईल. भांडण कशाला करता?

भाऊजी हसले. वाईट मनानं नव्हे, पण हसले. त्यांचा मुलगा हसला, शेजारची हसली. "आई, तुला यातलं काय कळतं? तू आपली सही कर." तुम्ही पण थोडं हसलात, हसणाऱ्यांत हसावं लागतं तसं. मग आत जाऊन कणीक मळायला घेतलीत आणि ती इतकी मळलीत की पोळ्या रबरासारख्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर तुम्ही माझ्या टेबलाशी बसलेल्या. पुढ्यात सहावीचं गणिताचं पुस्तक, उलटं.

"वर्षा, माले शिकाड."

"काय?"

"पाचवा. त्यास्नी मन्हावर हसाले नको."

तुम्हाला वाटलं असेल, सून म्हणून मी शिकवायला बसले. खरं सांगू? मला मजा वाटली. नवऱ्याच्या वाट्याला पावाऐवजी पंचमांश यावा म्हणून त्याची आई धडपडतेय, आणि कमी कसं येतं ते तिला मीच समजावून सांगतेय! अशी सून शोधून सापडायची नाही. मी तुम्हाला तसं म्हटलंही. त्यावर तुम्ही म्हणालात, "म्हनीसन तर तुले निवाडं." म्हणून तर तुला निवडलं. निवडलं कुठलं, तुमच्या मुलानं कॉलेजात जमवलं होतं आणि तुम्ही तेव्हा चार दिवस जेवला नव्हतात. पण असू दे.

मी माझ्या शाळेच्या पद्धतीनं निघाले. वर अंश, खाली छेद. कागदावर गोल काढला, त्याचे पाच तुकडे केले, एक रंगवला. तुम्ही चष्मा नाकावर ओढून बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, यात भाकरी वाया गेली. गोल म्हणजे तुमच्यासाठी भाकरी, आणि भाकरीचे कोणी असे त्रिकोणी तुकडे करत नाही. बरोबरच होतं. मी गोल पुसला.

त्यात आखाजी आली. खानदेशात अक्षय्य तृतीया म्हणजे लेकींचा सण. सुमनताई आल्या, गच्चीवर झोका बांधला, चूल मांडली, त्यावर खापर पालथं घातलं, आणि तुम्ही मांडे करायला बसलात. पुरणाचा तो मोठाच्या मोठा मांडा तुम्ही कोपरापर्यंत हातांवर खेळवत वाढवायचा आणि खापरावर टाकायचा. भाजून निघाला की एक घडी, त्यावर दुसरी घडी, आणि टोपलीत. डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत तुमच्यासारखा मांडा कोणाचा होत नसे, हे मी कोल्हापूरची असून लिहून देते.

एका मांड्याची घडी घालताना तुमचा हात थांबला. "वर्षा, हाऊ देख. एक घडी, अर्धा. दोन घड्या, पाव. मंग पाचवी घडी घाली ते पाचवा?"

आणि तुम्ही तो मांडा घड्यांवर घड्या घालत पाचव्या घडीपर्यंत नेलात. पुरण बाजूनं बाहेर आलं, हातात एक जाडजूड गोळा उरला. सुमनताई झोक्यावरून उतरून बघायला आल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, घडी घातली की दरवेळी दुप्पट होतात. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. घड्या घालत गेलं तर पाच कधी येतच नाहीत."

"येतच नही?"

"नाही."

तुम्ही त्या गोळ्याकडे असं बघितलंत जसं काही त्यानंच दगा दिला. तुमच्या हातांना अर्ध्याचं अर्ध करणं तेवढं ठाऊक होतं. पाव, पाऊण, सव्वा, सगळी त्याच घराण्यातली. पाचव्याला त्यात जागाच नव्हती. सुमनताईंना वाटलं, हे मांड्याचं चाललंय. त्यांनी तो गोळा दुधात बुडवून खाऊन टाकला.

तिथंच आपलं ते भांडण सुरू झालं, जे शेवटपर्यंत मिटलं नाही. तुम्ही म्हणालात, घडी घातली म्हणून मांडा कमी झाला का? तो तर अख्खाच आहे. मी म्हटलं, घडी म्हणजे वाटा नव्हे, वाट्यासाठी कापावं लागतं. तुम्ही म्हणालात, घर कापणार आहात का? जिना कोणाला देणार? मी म्हटलं, हिशेबात कापायचं, खरोखर नाही. तुम्ही म्हणालात, मग ती घडीच झाली. आत्याबाई, मी अजूनही हार मानलेली नाही. घड्यांची बेरीज होत नाही, तुकड्यांची होते. हे तुम्हाला पटवून देण्याआधीच तुम्ही निघून गेलात, हा सरळसरळ रडीचा डाव झाला.

पाचवा तुम्हाला सापडला तो माझ्यामुळे नाहीच. साड्यांना लेस लावायचं काम तुम्ही घरी करत होतात. उधन्याचा माणूस साड्यांचे गठ्ठे आणि लेसची रिळं टाकून जायचा. एके दुपारी तुम्ही लेसचा हातभर तुकडा कापलात आणि बोटांवर घेऊन निऱ्या घालायला लागलात, नेसायच्या साडीला घालतो तशा. एक, दोन, तीन, चार. दाबून बघितलंत. सोडलंत. पुन्हा घातल्यात. एक, दोन, तीन, चार, पाच. सगळ्या सारख्या यायला हव्यात म्हणून परत परत मोडल्यात, सारख्या केल्यात. मी वह्या तपासत होते, पण माझं सगळं लक्ष तुमच्या बोटांकडे लागलं होतं.

"निऱ्या कितल्या बी येतस वं," तुम्ही म्हणालात. मग तुमचा हात मध्येच थांबला. चारच्या निऱ्या तुम्ही पुन्हा घातल्यात, मग पाचच्या. लेस तीच, पण पाचांत निरी अरुंद. तुम्ही अंगठा लावून मापलंत. चारात अंगठा आख्खा बसत होता, पाचात बाहेर येत होता.

"माय वं," तुम्ही म्हणालात. "पाचवा ते पावपेक्षा कमी शे!"

वर्गात मुलांना हे कळतं तेव्हा ती आनंदानं ओरडतात. तुम्ही ओरडला नाहीत. तुमच्या लक्षात आलं, की मोठ्या भाऊजींपुढे आपण काय बोलून बसलो. आणि त्याहून मोठं हे लक्षात आलं, की सुमनला धरलं तर सगळ्यांचं कमी होणार, तुमचंही. एवढे दिवस तुम्हाला वाटत होतं की लेकीला देऊन मुलांनाही जास्त देता येईल. तसं नव्हतं. तुम्ही लेस मांडीवर ठेवून दिलीत. मी चहा ठेवला. मला वाटलं, आता तुम्ही चारवर याल. आला असतात तरी मी दोष दिला नसता.

चहाचा घोट घेऊन तुम्ही विचारलंत, "खालचा आकडा म्हंजे पंगतमा बसनारी मानसं ना?"

"हो."

"मंग मनी आंडेर काय पंगतमा बसनी नही? ती काय वाढपी शे?"

आंडेर म्हणजे लेक. आत्याबाई, इतकी वर्षं शिकवतेय, छेदाची व्याख्या मी एवढी चांगली कधी केली नाही. आता मी वर्गात पंगतच सांगते. खालचा आकडा म्हणजे पंगतीला बसलेली माणसं, वरचा म्हणजे तुझ्या पानात पडलेले वाटे. मुलांना लगेच कळतं. तुमचं नाव मात्र सांगत नाही. माझी सासू होती म्हटलं तर ती भलतेच प्रश्न विचारतात.

मग वकिलाकडची ती दुसरी खेप. तुम्ही ठेवणीतली हिरवी साडी नेसलात आणि पिशवीत लेस घेतलीत. मोठे भाऊजी कागद तयार ठेवूनच बसले होते. सुमनताईंच्या सहीची जागा पेन्सिलीनं खुणेसाठी टिंब देऊन ठेवलेली.

तुम्ही वकिलाला म्हणालात, "वकीलभाई, चार नको. पाच लिखो."

तो हसून म्हणाला, "मासी, पाच लखीश तो तमारो भाग पण ओछो थशे."

"मालूम है. सबका कम होगा. मेरा बी."

मोठे भाऊजी म्हणाले, "आई, मागं तू म्हणालीस पाच मोठा. आता?"

"तवय माले समजत नव्हतं. आते समजस." आणि तुम्ही लेस काढलीत, वकिलाच्या टेबलावर, फायलींच्या मधोमध, पाच निऱ्या घातल्यात. बोट ठेवून सांगितलंत, "हाई मनी. ह्या तीन तुम्हन्या. अन् हाई पाचवी मनी आंडेरनी. तिले काढाले गयात ते लेस फाटी जाई."

वकिलाचा कारकून उठून जवळ आला होता, तो बघत उभाच राहिला. तुमचा धाकटा पुण्याहून आला होता, त्यानं मान खाली घातली. माझा नवरा पेपरवेट फिरवत होता. तो सगळ्या कठीण प्रसंगी काहीतरी फिरवत असतो. शेवटी मोठे भाऊजी म्हणाले, "कोणी शिकवलं तुला हे?"

"मनी सूननी शिकाडं."

तुमच्या त्या वाक्यापुढे मला मिळालेली सगळी प्रशस्तिपत्रकं फिकी आहेत. खरं तर लेसच्या निऱ्या मी नव्हत्या शिकवल्या. पण मी ते नाकारलं नाही. आयतं श्रेय कोण सोडतो?

भाऊजींनी पाचवर सही केली. त्यांना ते आवडलं नव्हतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. महिनाभर तुमच्याशी फोनवर कामापुरतंच बोलायचे. तुम्हाला त्याचा त्रास व्हायचा. लेकीला घेतलं आणि लेक दुरावला, असं एकदा म्हणालातही. मग ते गणेश चतुर्थीला मोदकाचा डबा घेऊन आले आणि तुम्ही डबा उघडायच्या आधीच रडलात. तेव्हापासून परत सगळं सुरळीत झालं.

आणि तुम्हाला अपूर्णांकांचं वेड लागलं. चहा सांगताना "दोन तृतीयांश कप" सांगायला लागलात. दूधवाल्याला विचारलंत, की यात पाण्याचा अंश किती. त्यानं घाबरून दोन दिवस दूध घट्ट आणलं. गल्लीतल्या बायकांना तुम्ही लेस घेऊन शिकवायला बसलात, त्यातल्या दोघींनी घरी जाऊन आपापल्या भावांना फोन केले म्हणे. त्यांच्या भावांनी तुमचं नाव काय ठेवलं ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते कळलं होतं आणि तुम्ही खूश होतात.

बेरजेला मात्र तुम्ही मला पुरतं दमवलंत. अर्धा आणि एक तृतीयांश मिळवा म्हटलं की तुम्ही वरचे दोन एकत्र करायचात, खालचे दोन एकत्र करायचात, आणि दोन पंचमांश सांगून मोकळ्या. मी म्हणायचे, "अहो, अर्ध्यात भर घातली आणि ते अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं?" तुम्ही म्हणायचात, "पंगत मोठी व्हयनी ना." तुमच्याच पंगतीनं तुम्ही मला गोत्यात आणायचात. छेद सारखे केल्याशिवाय बेरीज होत नाही, आधी सगळ्यांना एकाच पंगतीत आणावं लागतं, हे मी तऱ्हेतऱ्हेनं सांगितलं. तुम्ही ऐकायचात, मान हलवायचात आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी चिडायचे. तुम्ही शांतपणे लेस गुंडाळून ठेवायचात आणि भाजी निवडायला घ्यायचात. मला आता वाटतं, तुम्हाला मला चिडवायला आवडत होतं.

मग तो दवाखान्यातून परतल्यानंतरचा दिवस. डॉक्टरनं तुमच्या हृदयाबद्दल जे सांगायचं ते आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं होतं, पण तुम्हाला ते आमच्या तोंडावरून कळलं. घरी गादीवर टेकल्यावर तुम्ही विचारलंत, "वर्षा, मी मरी गऊ ते मना पाचवा कोठे जाई वं?"

मी म्हटलं, "असली गणितं मी शिकवत नाही."

"सांग ना. त्याना बी हिसाब व्हई ना?"

"झोपा आता."

तुम्ही हसलात. म्हणालात, मास्तरणीला येत नाही. मला येत होतं, आत्याबाई. तुम्ही विचारता क्षणीच ते माझ्या डोक्यात सुटलं होतं. पण ते तोंडानं म्हणायचं म्हणजे तुमच्यापुढे तुम्हाला वजा करायचं. ते मला जमलं नाही. पुढे कधीतरी, तुम्हाला बरं वाटल्यावर, बेरीज शिकवताना सहज सांगू असं ठरवलं होतं. तुम्ही मात्र एका सकाळी दात घासून, चहा पिऊन, टेकून बसलात ते तशाच गेलात.

तर तेराव्याचं सांगत होते. पंगती उठल्यावर मोठे भाऊजी माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आता आईचा पाचवा राहिला. तो आपण तिघं घेऊ. सुमनला तिचा मिळालाच आहे." सुमनताई तिथेच भांडी पुसत होत्या. लगेच म्हणाल्या, "हो दादा, घ्या तुम्ही. मी सही करते." मी त्यांना आत ओढलं. त्या कुजबुजल्या, "वहिनी, आई होती तोवर ठीक होतं. आता माहेर म्हणजे भाऊच. त्यांना तोडून मी आखाजीला कोणाकडे येऊ?"

त्यांची भीती खोटी नव्हती. तरी मी त्यांना धरून बाहेर आणलं आणि माझ्या शिकवणीचा फळा भिंतीला टेकवला. सुतकात कसला फळा म्हणून मोठ्या जाऊबाईंनी डोळे मोठे केले. तेरावं झालंय, म्हटलं, सुतक फिटलं.

"भाऊजी, आईंचा एक पंचमांश चौघा मुलांचा. चौघांत वाटला की प्रत्येकाला एक विसांश. मूळचा तुमचा एक पंचमांश म्हणजे चार विसांश. त्यात हा एक मिळवा." मी फळ्यावर लिहिलं. चार आणि एक पाच. पाच विसांश.

भाऊजी गणितात कच्चे नाहीत. त्यांनी फळ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "म्हणजे पाव."

"पाव. तुम्हाला पहिल्यापासून हवा होता तेवढाच. सुमनताईंना धरूनसुद्धा."

ते खाली बसले. रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं. "आईला हे माहीत होतं?"

"त्यांनी विचारलं होतं. मी सांगितलं नाही."

मग सुमनताई फळ्याजवळ आल्या. हात ओले होते, ते त्यांनी साडीला पुसले. म्हणाल्या, "वहिनी, ह्या पाचमातला आईना कोनता?"

मी शेवटच्या एकावर बोट ठेवलं. चार त्यांचे, तो एक तुमचा.

"मंग तो मी सोडाव नही," त्या म्हणाल्या. भावांकडे बघून म्हणाल्या, रडत म्हणाल्या, पण स्पष्ट म्हणाल्या. मोठे भाऊजी उठले आणि त्यांनी सुमनताईंच्या डोक्यावर हात ठेवला. "कोण सोड म्हणतंय? मी पण नाही सोडणार," ते म्हणाले. सही चौघांची होईल, आत्याबाई. मी स्वतः वकिलाकडे जाऊन बसणार आहे.

सगळे गेल्यावर फळा पुसायला घेतला आणि हात चालेना. उत्तराला अतिसंक्षिप्त रूप दिलं नाही म्हणून मी दरवर्षी मुलांचे मार्क कापते. पाच विसांश लिहून सोडून दिलं तर अर्धा मार्क जातो, मग कोणी का असेना. पण पाच विसांशाचा पाव केला की त्यातला तुमचा एक कुठला ते दिसेनासं होतं. फळा अजून तसाच आहे. उद्या शिकवणीला मुलं येतील, बाई, तुम्ही संक्षिप्त केलं नाही, असं ओरडतील. ओरडू देत. माझा अर्धा मार्क कापा म्हणावं.